आधी मीटर, मग पाना

पावसाने जुन्या गाडीचे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान त्यानंतरच्या अंदाजपंचे दुरुस्तीने होते. रायपूरच्या पंडरी भागात, कपड्याच्या घाऊक बाजाराभोवती आणि 2021 मध्ये भाटागावला हललेल्या जुन्या बसस्थानकाच्या आसपास, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना मुसळधार पावसानंतर जे होते, तेच नागपुरात, चंद्रपुरात आणि पुण्यातही होते. सेल्फ मारला की नुसती टकटक होते, इंजिन मिस मारते, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, वायपर काचेच्या मध्यावर थांबतो, हॉर्न कुणी न दाबता वाजू लागतो. धक्का मारत गाडी गॅरेजात जाते आणि संध्याकाळी बिल हातात येते: नवी बॅटरी, नवी कॉइल, कधी अख्खा स्टार्टर. चार दिवसांनी पुन्हा जोराची सर येते आणि गाडी पुन्हा अडून बसते. मिस्त्री लबाड आहे म्हणून हे घडते, असे मानणे सोयीचे आहे. पण बहुतेक वेळा ते खरे नसते. आपण, म्हणजे गाडीचे मालक, पार्टचे पैसे निमूट देतो आणि तपासणीचे पैसे द्यायची वेळ आली की घासाघीस करतो. दोष शोधण्याच्या कामाला जोवर आपण स्वतंत्र मोल देत नाही, तोवर पावसाळ्यातला हा खर्च आटोक्यात येणार नाही.

आधी पाऊस नेमके काय करतो ते पाहू. गाडीच्या वायरिंगला वेष्टन असते, तशी ते कोरडे ठेवण्याची व्यवस्थाही असते: कपलरवरची रबरी टोपणे, दरवाज्यातून वायर जाते तिथले रबरी बूट, बॉनेटच्या कडेची पट्टी, पुढच्या काचेखालच्या जाळीतले पाणी बाहेर सोडणारी भोके. नव्या गाडीत ही व्यवस्था शाबूत असते. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत ती उन्हाळ्यातच संपलेली असते. रायपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. बॉनेटखालचे तापमान त्याच्या कितीतरी वर असते. त्या उष्णतेने रबर कडक होते, चिरते, वायरच्या वेष्टनाला भेगा जातात. मग जूनच्या मध्यावर पाऊस सुरू होतो आणि वर्षभराच्या साधारण बाराशे मिलिमीटरपैकी बहुतांश पाऊस सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. म्हणजे भेगा मे महिन्यात पडतात आणि कळतात जुलैत. त्यात रायपूरची काळी धूळ. उरला आणि सिलतरा इथल्या स्पंज आयर्न कारखान्यांच्या शहरात गाडीवर बसणारा थर साध्या मातीचा नसतो. कोरडा असताना तो निरुपद्रवी वाटतो. ओला झाला की विजेला गळतीची वाट मिळते. जाळीत अडकलेला कडुनिंबाचा पाला भोके बुजवतो, पाणी बाहेर जाण्याऐवजी डॅशबोर्डच्या मागे उतरते आणि फ्यूजबॉक्सवर ठिबकते. यातली एकही गोष्ट पावसाने निर्माण केलेली नाही. आधीपासून असलेली कमजोरी पावसाने उघडी पाडली, एवढेच.

ही कमजोरी सापडणे अवघड का जाते, याचे उत्तर गाडीच्या वायरिंगच्या रचनेतच आहे. घरात प्रत्येक दिव्याला जायची आणि यायची अशा दोन वायरी असतात. गाडीत बॅटरीच्या धन टोकापासून दिव्यापर्यंत वायर जाते, पण परतीचा मार्ग बहुतांशी गाडीच्या पत्र्यातून असतो. पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. त्यालाच गॅरेजच्या भाषेत अर्थ म्हणतात. मागच्या दिव्यांचा अर्थ एका बोल्टवर, इंजिनाचा अर्थ विणलेल्या तांब्याच्या एका पट्टीवर. त्या बोल्टखाली पाणी शिरले, गंज चढला, की परतीचा मार्ग बंद होतो आणि वीज दुसरा मार्ग धरते. मागच्या दिव्यात ब्रेकची 21 वॅटची आणि टेललाइटची 5 वॅटची अशा दोन तारा एकाच बल्बमध्ये असतात. अर्थ तुटला की ब्रेकचा करंट दुसऱ्या तारेतून उलटा फिरून भलत्याच दिव्याचा अर्थ गाठतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर टेललाइट आणि इंडिकेटर मंद लुकलुकतात. पाहणाऱ्याला वाटते स्विच गेला, फ्लॅशर गेला, वायरिंग जळाली. खरे तर एक बोल्ट खोलून, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासून, बोल्ट पुन्हा आवळून वर पेट्रोलियम जेलीचा थर दिला की काम होते. लक्षण एका ठिकाणी आणि दोष दुसऱ्या ठिकाणी, हा या दुरुस्तीचा स्वभावच आहे. त्यामुळे लक्षण जिथे दिसते तिथला पार्ट बदलण्याची पद्धत इथे हमखास फसते.

सेल्फ घेत नाही, ही पावसानंतरची सर्वांत मोठी तक्रार. तिचे उदाहरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. मिस्त्री टेस्ट लॅम्प लावतो. दिवा लखलखीत लागतो, म्हणजे करंट येतो आहे. मग दोष स्टार्टरचा, असा निष्कर्ष निघतो. इथेच चूक होते. टेस्ट लॅम्पला लागतो जेमतेम अर्धा-एक अँपिअर. तांब्याच्या दोन-चार धाग्यांतूनही तो आरामात मिळतो. छोट्या गाडीचा स्टार्टर फिरताना शंभर-सव्वाशे अँपिअर ओढतो. समजा, इंजिनाच्या अर्थपट्टीच्या टोकाला गंजामुळे फक्त एक शतांश ओहम अडथळा वाढला आहे. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजायला गेलात तर तो दिसणारच नाही. काटा शून्यावरच राहिल्यासारखा वाटेल. पण 120 अँपिअर वाहताना तेवढ्या अडथळ्यावर 1.2 व्होल्ट खर्च होतात आणि पावसाने थंडावलेल्या, अर्धवट चार्ज झालेल्या बॅटरीला ते परवडत नाही. यावरची परीक्षा मिनिटाभराची आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचे. मीटरने 0.2 व्होल्टपर्यंत दाखवले तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी किंवा तिचे टोक दोषी. हीच परीक्षा धन बाजूला करायची. बॅटरी तिथेच, स्टार्टर तिथेच, आणि दोष वायरीच्या टोकाच्या एका थिंबलमध्ये निघतो. ही परीक्षा न करता बदललेली बॅटरी काही दिवस काम करते, कारण ती नवी आणि जोरदार असते. त्यामुळे चुकीचे निदानही बरोबर वाटते. पुढच्या पावसात खरा दोष पुन्हा डोके काढतो.

इंजिन मिस मारण्याचे प्रकरण वेगळे, पण धडा तोच. डिसेंबर 1983 मध्ये आलेली आणि जानेवारी 2014 पर्यंत बनत राहिलेली मारुती 800 घ्या. तिच्या जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांत कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीपर्यंत आणि तिथून प्लगांपर्यंत हजारो व्होल्टच्या केबल जातात. टोपीच्या आत बाष्प धरले किंवा केबलचे वेष्टन चिरले, की ठिणगी प्लगमध्ये पडण्याऐवजी बाहेरच्या बाहेर धातूवर उडी मारते. एकदा अशी उडी पडली की टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ उमटते आणि पुढच्या वेळी ठिणगीला तीच वाट सोपी जाते. अडचण अशी की, गाडी गॅरेजला पोचेपर्यंत ऊन पडलेले असते, इंजिन तापून सगळे वाळलेले असते आणि मिस्त्रीसमोर गाडी तक्रारीचा मागमूसही न ठेवता चालते. मग अंदाज सुरू होतो: कॉइल बदलू, प्लग बदलू, कार्बोरेटर साफ करू. वास्तविक दोष पुन्हा घडवून आणणे हाच त्यावरचा उपाय आहे. झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घ्यायची, अंधाऱ्या जागी इंजिन चालू ठेवून एकेका भागावर, आधी एक केबल, मग दुसरी, मग टोपी, असे हलके तुषार मारायचे. ज्या भागावर पाणी पडताच इंजिन अडखळते किंवा निळसर ठिणगी दिसते, तोच दोषी. हे करताना केबलला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले की काम सरळ आहे. पण याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि त्यात कोणताही पार्ट विकला जात नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: हे सगळे जुन्या जमान्याचे झाले, आता स्कॅनर लावला की कोड येतो आणि पार्टचे नावच समोर येते. हा समज जितका पसरला आहे तितकाच महाग पडणारा आहे. एक तर 2000 च्या सुमारास आपल्याकडे इंधन इंजेक्शनच्या गाड्या सर्रास येऊ लागल्या, पण ओबीडीचा, म्हणजे गाडीनेच आपले दोष नोंदवण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा भारत स्टेज-4 च्या गाड्यांना 2010 पासून आणि दुसरा 2013 पासून लागू झाला. मधल्या काळातल्या असंख्य गाड्यांत संगणक आहे, पण बाजारातला स्वस्त स्कॅनर त्याच्याशी नीट बोलेलच, याची खात्री नाही. दुसरे, कोड पार्ट सांगत नाही. तो संशयाचा टापू सांगतो. क्रँक सेन्सरचा पी0335 हा कोड त्या सेन्सरच्या सबंध मार्गाबद्दल असतो: सेन्सर, त्याच्या वायरी, कपलर, अर्थ. पावसानंतर त्या चौघांत सेन्सर शेवटचा संशयित असायला हवा, कारण पाणी कपलरमध्ये आधी शिरते आणि तिथल्या पिनांवर हिरवा थर चढवते. शिवाय बॅटरीचा दाब सेल्फ मारताना फार खाली आला, की संगणक गोंधळून एकाच वेळी चार-सहा असंबद्ध कोड नोंदवतो. त्यातला प्रत्येक कोड खरा मानून पार्ट आणणारा माणूस गाडीच्या किमतीइतका खर्च करू शकतो. स्कॅनर उपयोगी आहे, पण बॅटरीचा दाब, अर्थ आणि कपलर तपासून झाल्यावर.

रात्रीतून बॅटरी उतरण्याच्या तक्रारीतही आकडे बोलू लागतात. गाडी बंद असताना घड्याळ, लॉक आणि संगणकाची आठवण यांसाठी थोडा करंट जातोच. तो साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असावा. त्या हिशेबाने दिवसाला 1.2 अँपिअर-तास खर्च होतात आणि बॅटरीला ते सहज पेलते. ओलसर झालेला ब्रेकचा स्विच किंवा डिकीतला दिवा 500 मिलिअँपिअर ओढू लागला, तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांच्या आत आडवी. नवी बॅटरी घातली तर तीही तीन दिवसांत आडवी. मीटर बॅटरीच्या ऋण वायरीत मालिकेत जोडून, एकेक फ्यूज काढत, आकडा कुठे खाली येतो ते पाहिले की गळतीचा मार्ग हाती लागतो. दरवाजे बंद झाल्यावर संगणक झोपी जायला काही मिनिटे लागतात, तेवढे थांबण्याची तयारी मात्र हवी.

आता मूळ प्रश्नाकडे. एवढे सोपे असेल तर हे होत का नाही? कारण गॅरेजचा हिशेब पार्टवर आणि पार्ट बसवण्याच्या मजुरीवर चालतो. मिस्त्रीने तासभर वायरी तपासून एक गंजलेला बोल्ट घासला आणि 400 रुपये मागितले, तर गिऱ्हाईक म्हणते, केले काय, नुसते बघितले तर! तेच 3,000 रुपयांची कॉइल बसवून 3,300 चे बिल दिले तर जुना पार्ट हातात मिळाल्याचे समाधान होते. डॉक्टर तपासून औषधाची गरज नाही असे म्हणाले, तरी आपण तपासणीची फी देतोच. गाडीच्या बाबतीत मात्र तपासणी फुकट आणि औषध महाग असा उलटा व्यवहार आपण स्वतः रुजवला आहे. स्पेअर पार्टच्या दुकानांत इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही, अशी सूचना सर्रास असते. दुकानदाराचे बरोबरही आहे. पण याचा अर्थ, निदान चुकले तर त्याची किंमत ना मिस्त्री देतो ना दुकानदार; प्रत्येक चुकलेल्या अंदाजाची किंमत गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते. ज्या व्यवहारात अंदाज करणाऱ्याला चुकण्याची झळ बसत नाही, त्या व्यवहारात अंदाज वाढत जाणारच.

कुणी म्हणेल, बाजारातल्या दुकानदाराला किंवा रोज गाडीवर पोट असलेल्या माणसाला तास-दोन तासांची तपासणी परवडत नाही. त्याला गाडी आजच हवी. हा आक्षेप खरा आहे, पण तो तपासणीच्या विरोधात जात नाही. वर सांगितलेल्या परीक्षा मिनिटांच्या आहेत. वेळ जातो तो चुकीचा पार्ट आणण्यात, बसवण्यात आणि पुन्हा तेच करण्यात. दुसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रीच्या बाजूने येईल: तीस वर्षे काम केलेल्या माणसाला आवाजावरून दोष कळतो, त्याला मीटर कशाला? असे हात आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण असा माणूस आवाज ऐकून पार्ट मागवत नाही; कुठे पाहायचे ते त्याला आधी कळते आणि तिथे जाऊन तो खात्री करून घेतो. अनुभव तपासणीचा वेळ कमी करतो, तपासणीची गरज संपवत नाही. आणि काही पार्ट तपासणीशिवाय बदलणेच शहाणपणाचे असते, हेही मान्य करायला हवे. चिरलेल्या केबल, कडक झालेले रबरी बूट, पाच वर्षांची बॅटरी या गोष्टी वयाने संपतात. त्या पावसाळ्याआधीच बदलाव्यात. पण तो देखभालीचा खर्च झाला. त्याला निदानाचे नाव देऊ नये.

सर्वांत कडवा आक्षेप असा की, इतकी जुनी गाडी ठेवायचीच कशाला, भंगारात द्यावी. दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंधने आली, हे खरे. छत्तीसगडात किंवा महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर योग्यता तपासून पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. कायदा परवानगी देतो, तेव्हा गाडी ठेवावी की नाही हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न. पण ती ठेवायची असेल तर तिचे ब्रेकचे दिवे, वायपर आणि हेडलाइट भर पावसात चालले पाहिजेत. तो सुरक्षेचा प्रश्न आहे आणि त्यात मालकाच्या मर्जीला जागा नाही. अंदाजाने पैसे घालवलेली माणसेच शेवटी कंटाळून अर्धवट दुरुस्त गाड्या रस्त्यावर आणतात. तपासून दुरुस्त केलेली जुनी गाडी भंगाराच्या चर्चेत येण्याआधी बरीच वर्षे नीट चालू शकते.

एक अपवाद मात्र काटेकोरपणे वेगळा ठेवला पाहिजे. पावसात भिजलेली गाडी आणि पाण्यात बुडालेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांतल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीला वर सांगितलेल्या परीक्षा लावू नयेत आणि सेल्फ तर मुळीच मारू नये. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातून आलेली गाडी चालू करून झालेले इंजिनाचे नुकसान विमा कंपन्या बहुधा परिणामी नुकसान म्हणून नाकारतात, वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले असेल तरच भरपाईची आशा असते. बुडालेल्या गाडीत बॅटरीचे ऋण टोक काढायचे, फोटो घ्यायचे, विमा कंपनीला कळवायचे आणि गाडी ओढून न्यायची. तिथे घाई केली तर अंदाजाचा खर्च लाखात जातो.

मग करायचे काय? गॅरेजांनी दरपत्रकात तपासणी ही स्वतंत्र ओळ ठेवावी, तिचा दर उघड लावावा आणि बिलावर मोजलेले आकडे लिहून द्यावेत: बॅटरी आरामात किती व्होल्ट, सेल्फ मारताना किती, इंजिन चालू असताना किती, सेल्फ मारताना अर्थवर किती व्होल्ट खर्च होतात. 12.6 च्या आसपास, 10 च्या खाली नाही, 13.8 ते 14.5, 0.2 च्या आत, एवढे चार आकडे समोर असले की मालकालाही कळते आणि मिस्त्रीलाही आधार मिळतो. पंडरीहून मोव्याच्या पुढे सड्डूला शासकीय आयटीआय आहे. देशभरातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे व्यवसाय शिकवले जातात. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना मीटर धरता येतो. त्यांच्या त्या कौशल्याला पैसे देणारे गिऱ्हाईक मात्र बाजारात असायला हवे. पावसाने अडलेली गाडी घेऊन गेलात तर पार्टची किंमत विचारण्याआधी तपासणीचे किती घेणार, हे विचारा, आणि जो आकडा सांगतील तो न कुरकुरता द्या. बदललेला पार्ट दोषी होता हे मोजून दाखवल्याशिवाय नव्या पार्टचे पैसे मात्र देऊ नका.